भिंगरीचा पहिला खून

आमच्या यांना सगळे भिंगरी म्हणतात. चष्म्याच्या भिंगांशी त्या नावाचा काही संबंध नाही, हे चष्म्याच्या दुकानात बसायला लागण्याच्या कितीतरी आधीचं ते नाव आहे. ज्यांच्या पायाला भिंगरी असते ती माणसं निदान कुठेतरी जातात, चार गावं बघून येतात. हे कुठेच जात नाहीत, जागच्या जागी फिरतात. चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून निघाले की बाहेरच्या खोलीत पोचेपर्यंत दोनदा मागे येतात. एकदा गॅस बंद केला का ते बघायला, आणि एकदा "तू काही म्हणालीस का" हे विचारायला. मी काही म्हणालेली नसते. लग्नाआधी पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा माझे वडील "बसा ना, बसा ना" म्हणून इतके थकले की शेवटी ते स्वतःच आत जाऊन आडवे झाले.

अशा माणसाने कादंबरी लिहिली. खुनाची, आणि वर विनोदी. मी ऐकलं तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो हा की लिहिली कधी, कारण लिहायला बसावं लागतं. उत्तर सोपं होतं. उभ्याने लिहिली.

यांचं आणि यांच्या मोठ्या भावाचं चष्म्याचं दुकान आहे, सासऱ्यांनी टाकलेलं. पुढे काउंटर, काचेच्या कपाटात फ्रेमा, भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि त्यासमोर नंबर तपासायची उंच खुर्ची. पडद्यामागे एक अरुंद खोली, तिथे काचा घासायचं मशीन आणि एक लांबट टेबल. टेबलाच्या एका बाजूला भाऊजी, दुसऱ्या बाजूला हे, समोरासमोर. सासरे गेले तेव्हा हे शाळेत होते आणि भाऊजींना नुकती मिसरूड फुटली होती. तेव्हापासून भाऊजींनी दुकान चालवलं, यांना शिकवलं, हाताला धरून मशीनवर आणलं. नात्याने मोठे भाऊ, बाकी सगळ्या बाबतीत बापच.

काच मशीनवर लावली की जवळ उभं राहावं लागतं, पण हात मोकळे असतात. त्या वेळात हे पाकिटांवर लिहायचे. नवी काच कागदाच्या छोट्या पाकिटातून येते, त्याची मागची बाजू कोरी असते. एका पाकिटावर चार-पाच वाक्यं. खिशात पाकिटं, उशाखाली पाकिटं. धुवायच्या शर्टातून मी अख्खी प्रकरणं बाहेर काढली आहेत. एकदा एक साक्षीदार धुतलाही गेला. "जाऊ दे," हे म्हणाले, "तसाही तो खोटंच बोलत होता."

मधे एकदा फार वैतागले होते. गाडं पहिल्याच प्रकरणात रुतलं होतं. रस्ता ओलांडतानासुद्धा हवेत हातवारे चालायचे, लोक वाट द्यायचे. मग एक दिवस मी भाजी परतत होते तिथे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "एक पात्र काढून टाकलं. ते असलं की खूनच होत नाही."

"बरं झालं, तेवढीच गर्दी कमी," मी म्हटलं. कोणतं पात्र ते विचारलं नाही. भाजी करपत होती.

आता दुकानातला एक नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. आपलं काम आपण तपासायचं नाही. चष्मा यांनी बनवला तर भाऊजी तपासणार, भाऊजींनी बनवला तर हे. बनवणारा पाकिटावर पेन्सिलीने एक खूण करतो, तपासणारा दुसरी. एका खुणेचा चष्मा दुकानाबाहेर जात नाही, गिऱ्हाईक मंत्री असो की घरचा जावई. भाऊजींचं म्हणणं असं की स्वतःची चूक माणसाला दिसत नाही, ती बघायला समोर कुणीतरी बसलेलं लागतं. या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक डाव्या-उजव्याची. गिऱ्हाईक समोर बसलं की त्याचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला येतो आणि नवशिका काचा उलट बसवून मोकळा होतो. हे नवशिके असताना या चुकीपायी भाऊजींच्या टपल्या खाऊन बसलेत.

कादंबरीवर मात्र एकच खूण होती. ती भाऊजींना दाखवलीच नव्हती. दाखवणार कशी? त्यात मेलेला माणूस भाऊजीच होते.

कादंबरीचं नाव 'मयताचा नंबर'. पहिल्याच पानावर एक चष्मेवाला आपल्या दुकानात, नंबर तपासायच्या खुर्चीत मरून पडलेला सापडतो. सगळी आळी त्याच्यावर खार खाऊन, त्यामुळे संशयित इतके की म्हाताऱ्या पोलिसाला त्यांची रांग लावावी लागते. हा चष्मेवाला बोटातल्या अंगठीने काउंटरची काच टकटक वाजवायचा. कुणी काहीही सांगितलं, अगदी घरात आग लागली म्हणून सांगितलं, तरी "हं, पुढे?" म्हणायचा. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा, "नाक म्हणजे चष्म्याचं घर. तुमचं घरच वाकडं, त्याला चष्मा काय करणार?" शर्टाच्या टोकाने काच पुसणाऱ्याला दुकानाबाहेर काढायचा. त्याच्या स्वतःच्या चष्म्याची एक काच जाड, एक पातळ. आमच्या भाऊजींना आयुष्यात एकदा भेटलेल्या माणसालाही हा कोण ते सांगायला नको.

मी वाचलं आणि ताडकन उठले. "अहो, हा तुमच्या सख्ख्या भावाचा खून आहे!"

"मग कुणाचा करू?" हे दारापासून खिडकीपर्यंत जाऊन परत आले. "खून करायचा तर माणूस नीट माहीत असावा लागतो. मी दुसऱ्या कुणाला एवढं ओळखतच नाही."

"निदान अंगठी तरी काढा."

"काढून बघितली. अंगठी काढली की तो मेलेला वाटत नाही, नुसता झोपलेला वाटतो."

मला राग आला आणि हसूही आलं. माझ्या संसाराची रड हीच आहे, दोन्ही एकदमच येतं.

भाऊजींना यांनी एवढंच सांगितलं होतं की एक पुस्तक येतंय. "कशावर?" त्यांनी विचारलं. "आहे एक गंमत." "चष्म्यावर?" "आहे थोडं." एवढ्या भांडवलावर भाऊजींनी सगळ्या आळीला सांगितलं. प्रकाशनाची पत्रिका काउंटरच्या काचेखाली ठेवली. नंबर तपासता तपासता गिऱ्हाइकाला विचारायचे, "हे अक्षर दिसतं का? हे? बरं, आणि रविवारी पुस्तक महोत्सवाला येताय ना? माझ्या धाकट्याचं पुस्तक आहे." खुर्चीत बसलेला माणूस नाही कसा म्हणणार, त्याचा नंबर भाऊजींच्या हातात. स्वतःसाठी त्यांनी नवा कोट शिवायला टाकला. ज्या माणसाने स्वतःच्या लग्नातही कोट शिवला नव्हता, धाकट्याला आधी कपडे घेऊन उरलेल्यात भागवलं होतं, तो आता त्याच धाकट्याच्या पुस्तकासाठी कोट शिवत होता. ते ऐकल्यापासून यांचं जेवणातलं लक्ष उडालं.

एकदाच भाऊजी म्हणाले, "तपासायला दिलं नाहीस मला."

"प्रकाशिकाबाईंकडे असतात ना तपासणारे," हे मशीनकडे बघत म्हणाले.

"असतील," भाऊजी म्हणाले, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

महोत्सवाच्या थोडं आधी लेखकाच्या प्रतींचं खोकं दुकानाच्या पत्त्यावर आलं. हे नेमके जेवायला घरी आले होते. संध्याकाळी भाऊजींनी स्वतः ते खांद्यावरून आमच्याकडे आणून टाकलं. ते गेल्याबरोबर आम्ही दोघं खोक्यावर तुटून पडलो. चिकटपट्टी जागच्या जागी होती, हिने बघितली, यांनी बोटाने चाचपली. हिने म्हणजे मीच. त्या दिवशी मी इतकी गडबडले होते की स्वतःलाच तिसरी बाई समजायला लागले होते. आत एक प्रत कमी निघाली. प्रकाशिकाबाई मोजण्यात कच्च्या आहेत असं आम्ही ठरवून टाकलं आणि जिवात जीव आला.

त्यानंतर भाऊजी गप्प गप्प वाटत होते. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं आम्हाला तेव्हा घड्याळाची टिकटिकही संशयास्पद वाटत होती.

रविवार उजाडला. यांनी शर्टाला इस्त्री केली, मग घडी मोडली म्हणून पुन्हा केली, मग दुसराच शर्ट घातला. निघताना कुलूप लावून तीनदा ओढून बघितलं. महोत्सव एका मोठ्या मैदानात होता. तंबू, तंबूंच्या मधे धुळीने रंग हरवलेल्या जाजमांच्या वाटा, दोन्ही बाजूंना स्टॉल, आणि कर्ण्यांमधून सतत कुणाचं तरी हरवलेलं मूल. हे तिथे पोचताच फिरायला लागले. स्वयंपाकाच्या पुस्तकांच्या स्टॉलसमोरून इतक्यांदा गेले-आले की तिथल्या बाईंना वाटलं, हा राखणीला नेमलेला माणूस आहे. त्यांनी यांना पाच मिनिटं स्टॉल सांभाळायला सांगितला. यांनी सांभाळला, आणि एक पुस्तकही विकलं. त्या दिवशी यांनी स्वतःच्या हाताने कुणाच्या गळ्यात मारलेलं ते एकच पुस्तक, तेही दुसऱ्याचं.

मग प्रकाशिकाबाईंना गाठलं. त्या एकट्याच सगळं प्रकाशन चालवतात, त्यामुळे गळ्यात कात्री आणि हातात चिकटपट्टी. हे म्हणाले, "बाई, मी सातवं प्रकरण वाचतो."

"पहिलं ठरलंय. कार्यक्रमपत्रिकेत छापलंय."

"सातव्यात छान चौकशी आहे."

"आणि मयत?"

"मयत नाहीये त्यात."

बाईंनी यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "स्वतःच्या मयताला घाबरणारा लेखक मी पहिल्यांदाच बघते," त्या म्हणाल्या आणि खुर्च्या मांडायला गेल्या.

आता घोडं माझ्यापाशी येऊन अडलं. हे माझ्या कानाशी लागले. "तू एक काम कर. मी वाचायला उभा राहिलो की दादाला चहाला घेऊन जा."

"आणि काय सांगू?"

"सांग, तुला चक्कर येते."

"मला चक्कर येते तर ते जावेला पाठवतील माझ्याबरोबर. स्वतः हलणार नाहीत."

"मग सांग, मला चक्कर येते."

ते मात्र खरं दिसत होतं. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता, आणि डावा पाय बसल्याबसल्या हलत होता, शेजारची खुर्चीही त्याबरोबर हलत होती.

एवढ्यात भाऊजी आले. नवा काळा कोट, भांग पाडलेला, मागोमाग जाऊबाई, आणि त्यांच्यामागे गिऱ्हाइकं. शिंपी, शाळेतल्या बाई, औषधांच्या दुकानातले काका, पलीकडच्या इमारतीचा वॉचमन. सगळ्यांच्या नाकावर आमच्याच दुकानाचे चष्मे. भाऊजींनी सगळ्यांना बसवलं, कुणाची खुर्ची डगमगते ते बघून बदलून दिली आणि स्वतः पहिल्या रांगेत मधोमध बसले. मांडीवर हात, बोटात अंगठी.

मी जाऊन म्हटलं, "भाऊजी, चहा घेऊ या का जरा?"

"आत्ता? सुरू होतंय की."

"बाहेर छान मिळतो."

"नंतर घेऊ. तुम्ही बसा, तुमच्यामुळे मागच्यांना दिसत नाहीये."

मी जाऊबाईंकडे वळले. आमचं दोघींचं चांगलं आहे, डोळ्यांनी बोलता येतं. मी डोळ्यांनी सांगितलं, काहीही करा पण भाऊजींना इथून हलवा. जाऊबाईंनी माझा हात धरून मला शेजारच्या खुर्चीत बसवलं. "राहू दे गं," त्या हळूच म्हणाल्या. "ते बसायचं ठरवूनच आलेत." मला त्या वाक्याचा अर्थ लागला नाही, आणि लावून बघायला वेळही मिळाला नाही. सूत्रसंचालक माइकपाशी गेला होता.

हा गृहस्थ रेडिओवर बोलतो. अंगाने किरकोळ, आवाज मात्र दोन माणसांचा. त्याने आमच्या यांचं असं वर्णन केलं की मी मागे वळून बघितलं, दुसरे कुणी लेखक आलेत की काय. पुस्तकावरचा कागद निघाला, टाळ्या झाल्या, फोटो झाले. सगळ्या फोटोंत हे हलले आहेत. मग तो म्हणाला, "आणि आता स्वतः लेखकाच्या तोंडून, खून!"

हे उभे राहिले. पुस्तक उघडलं, मिटलं, चष्मा काढला, घातला. एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. उपयोग काय होता, दोघांचेही हात आता दगडाखाली होते.

सुरुवात इतकी हळू केली की मागून "मोठ्याने!" अशी हाक आली. मग आवाज चढला आणि वेगही. दुकान आलं, खुर्ची आली, खुर्चीतला मयत आला. अक्षरांच्या तक्त्याकडे तोंड करून बसलेला, जणू शेवटची ओळ वाचता आली नाही म्हणून रागाने गेलेला. लोक हसले. मग अंगठी आली. शिंपी हसता हसता थांबला आणि त्याने मान वळवून पहिल्या रांगेकडे बघितलं. मग "हं, पुढे?" आलं, आणि शाळेतल्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला. नाकाचं वाक्य आलं तेव्हा औषधवाले काका मोठ्याने हसले आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं. कारण त्यांच्या नाकाला भाऊजी हे वाक्य ऐकवून चुकले होते. हळूहळू तंबूतली अर्धी माणसं यांच्याकडे न बघता भाऊजींच्या पाठीकडे बघायला लागली. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं. भाऊजींची पाठ हलत नव्हती. अंगठीही वाजत नव्हती.

हे वाचत होते, आता जवळजवळ धावत होते. "मयताच्या नाकावर चष्मा जसाच्या तसा होता. उजव्या डोळ्याची काच बाटलीच्या बुडाएवढी जाड, डावीकडची साध्या खिडकीची..."

"थांब," भाऊजी म्हणाले.

दूरचा कर्णा तेवढा एका निळ्या फ्रॉकच्या मुलीची आई शोधत होता. भाऊजी उभे राहिले, कोटाचं बटण लावलं.

"उलटं आहे," ते म्हणाले.

"काय दादा?"

"डोळा. अधू डोळा डावा आहे. उजवा चांगला आहे." त्यांनी स्वतःच्या डाव्या काचेवर बोट ठेवलं. "इतकी वर्षं टेबलाच्या पलीकडून बघतोयस ना माझ्याकडे, तुला दिसलं तसं लिहिलंस. गिऱ्हाइकाचा उजवा तो आपला डावा. किती टपल्या खाल्ल्यास यासाठी?"

यांनी पानाकडे बघितलं, मग भाऊजींच्या चष्म्याकडे. खरं सांगायचं तर मलाही ते वाक्य बरोबरच वाटलं होतं. मीही भाऊजींना नेहमी समोरूनच बघितलंय.

"शेवटच्या प्रकरणात बरोबर आहे," भाऊजी पुढे म्हणाले. "तिथे तो पोलीस मयताचा चष्मा आपल्या नाकावर चढवून बघतो आणि डाव्या डोळ्यापुढे धुकं येतं. तेव्हा तू माझा चष्मा स्वतः घालून बघितला असशील. म्हणून बरोबर आलं. पण पहिल्या पानावर चूक ती चूकच. मयत मी आहे ना? मग निदान चष्मा तरी माझा नीट घाल मला."

आधी वॉचमन हसला, आणि मग सगळा तंबू फुटला. लोक खुर्च्यांवर थापा मारत होते, औषधवाले काका आता उघडउघड डोळे पुसत होते, आणि सूत्रसंचालक, ज्याला बोलण्याचे पैसे मिळतात, तो माइक हातात धरून नुसता उभा होता. फक्त दोन माणसं हसत नव्हती. हे आणि भाऊजी. भाऊजी शांतपणे खाली बसले. हे उभे, पुस्तक उघडं, डोळे भाऊजींवर. शेवटचं प्रकरण. म्हणजे सगळं वाचलंय. सगळं वाचून, नवा कोट घालून, गिऱ्हाइकं गोळा करून हा माणूस आपला खून ऐकायला आला आहे. जाऊबाईंच्या त्या वाक्याचा अर्थ मला आत्ता लागला.

"वाच," भाऊजी म्हणाले. "लोक थांबलेत."

उरलेलं प्रकरण यांनी कसं वाचलं ते विचारू नका. लोक कशालाही हसत होते, स्वल्पविरामालासुद्धा.

कार्यक्रम संपला आणि सह्यांसाठी रांग लागली. मी टेबलाशी उभी राहून पुस्तकांची पहिली पानं उघडून देत होते. हे खुर्चीच्या टोकावर, अर्धे बसलेले अर्धे उठलेले, प्रत्येक सहीनंतर मान उंच करून रांगेत शोधत होते. भाऊजी रांगेतच होते. ओळखीच्यांनी पुढे बोलावलं तरी नंबर सोडला नाही. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. ते नवं नव्हतं. कडा मळल्या होत्या आणि मधेमधे खुणेला काचांची पाकिटं घातली होती.

"खोक्यातली प्रत," मी म्हटलं.

"चिकटपट्टी तुमच्या बाईंपेक्षा मला बरी लावता येते," भाऊजी म्हणाले.

"दादा, तुला राग आलाय?" यांनी विचारलं.

"आलाय. मारलंस त्याचा नाही. मरायचं सगळ्यांनाच असतं, आणि तू चांगल्या खुर्चीत मारलंस. न तपासता बाहेर पाठवलंस त्याचा आलाय. आपल्याकडून अशी वस्तू आजवर गेली नाही."

"दाखवलं असतं तर तू छापू दिलं असतंस?"

भाऊजींनी खरंच विचार केला. "नसतं दिलं," ते म्हणाले. "पण डोळा दुरुस्त करून परत दिलं असतं."

रांगेत मागचे लोक पाय बदलायला लागले होते. भाऊजी हलले नाहीत. टेबलावर हात टेकून जरा वाकले, आणि आवाज खाली आणला.

"एक विचारतो, खरं सांग. तो मेलाय. पोलीस येतो, गिऱ्हाइकं येतात, शिंपी येतो. कुणी रडत नाही. ठीक आहे, विनोदी आहे. पण त्याला भाऊ का नाही रे? अंगठी घेतलीस माझी, डोळा घेतलास, नाकाचं वाक्य घेतलंस. सगळं घेतलंस. भाऊच तेवढा का वगळलास?"

मला कळलं की हा माणूस इतके दिवस गप्प होता तो यामुळे. बाकीच्या पुस्तकाला तो एकटा बसून हसलाही असेल. पण एवढं एक त्याला लागलं होतं.

यांचा पाय थांबला. "घातला होता," हे म्हणाले.

"कुठे? मी दोनदा वाचलं."

"आधी होता. पहिल्या प्रकरणातच, टेबलाच्या पलीकडे, समोर. पण तो असला की खूनच होत नव्हता, दादा. मी सगळं करून बघितलं. त्याला जेवायला घरी पाठवला, बाहेरगावी पाठवला, तापाने आजारी पाडला. तो परत येऊन बसायचा. मारणारा दारापर्यंत यायचा, आणि हा समोर बसलेला. खुनी मागे फिरायचा. शेवटी त्यालाच काढून टाकला, तेव्हा कुठे तू मेलास."

मला ती करपलेली भाजी आठवली आणि डोळ्यात टचकन पाणी आलं.

भाऊजींची अंगठी टेबलावर एकदाच वाजली. मग त्यांनी चष्मा काढला आणि नव्या कोटाच्या टोकाने काचा पुसल्या. रांगेतला शिंपी ते आ वासून बघत राहिला, कारण याच गोष्टीसाठी तो एकदा दुकानाबाहेर गेला होता. चष्मा परत नाकावर चढवून भाऊजींनी घसा साफ केला.

"हं," ते म्हणाले. "पुढे?"

"पुढे काही नाही."

"नाही कसं? इतकी माणसं उभी आहेत." त्यांनी शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढली आणि यांच्या बरोबर समोर, टेबलाच्या पलीकडे बसले. खिशातून पेन्सिल काढली. "सही नुसती नको, खूण कर. मग इकडे दे."

यांनी पहिल्या पानावर खूण केली. भाऊजींनी पुस्तक आपल्याकडे फिरवलं, खून झालेलं पान काढलं, 'उजव्या'वर रेघ मारून वर 'डाव्या' लिहिलं, 'डावीकडची'चंही तसंच केलं, आणि यांच्या खुणेशेजारी आपली खूण केली. मग शिंप्यापुढे हात केला. "तुमची प्रत आणा. आणि ते जे आधी सही घेऊन गेलेत ना, त्यांना हाक मारा. एका खुणेचं पुस्तक बाहेर जायचं नाही."

प्रकाशिकाबाई धावत आल्या, छापील पुस्तकात असं खोडू नका म्हणाल्या, आणि रांग मैदानाच्या वाटेपर्यंत गेलेली बघून आणखी प्रती आणायला परत धावल्या. दोघं भाऊ काम करत राहिले. एक खूण करायचा, दुसरा तपासायचा. बोलणं काही नव्हतं, दुकानातही नसतं.

रांग निम्मी झाली असेल तेव्हा यांनी मान वर न करता मला विचारलं, "निघताना गॅस बंद केला होतास ना गं?"

मी हो म्हटलं. मला आठवत नव्हतं, पण हे उठले नाहीत.